सूतभर

वागळे इस्टेटच्या ज्या रस्त्यावर
बाबांची कंपनी होती
तिथे आता काचेची इमारत आहे
आणि मागच्या गल्लीत औषधांचं दुकान.
मोठ्यांचे डायपर, मीडियम, दहाचं पाकीट.
"मागच्या वेळी लार्ज नेलेत ना, ताई?"
हो. मागच्या वेळी.

पाडव्याला वॉकर धरून गॅलरीपर्यंत आले होते,
येऊरच्या डोंगराकडे बघून म्हणाले, "हो कोणी हाडून ठेवलो?"
हनुमान जयंतीला खुर्चीतून घसरले.
आज नऊ मे,
कूस बदलायची तर मी आणि कुंदा
"एक, दोन, हां" करत चादरीसकट उचलतो.
हवेच्या गादीचा पंप रात्रभर घुमतो.
तीच काय ती घरात बोलते.

भाषा उलटी गेली त्यांची.
आधी गेली कारखान्याची इंग्रजी :
चक, टूलपोस्ट, ओव्हरटाइम.
मग युनियनच्या मीटिंगपुरती हिंदी.
मग आमच्याशी बोलायची पुस्तकी मराठी.
उरली मालवणी,
जी त्यांनी आम्हाला शिकवली नाही;
किसननगरच्या चाळीत पोरांनी
शुद्ध बोलावं ही त्यांचीच हौस.
मला "गे आवशी" म्हणायचे
आणि मी, त्रेपन्न वर्षांची बाई,
आत्तेला फोन लावून विचारायचे,
"'माका थंय व्हर' म्हणजे काय गं?"
"तिकडे ने, म्हणता तो."
"तिकडे म्हणजे कुठे?"
"थंय म्हणजे थंय गो. तुका काय सांगू."

सोमवारपासून तेही नाही.

हात मात्र.
उजवा हात चादरीवर अजून फिरतो,
अंगठ्यात नि बोटात काहीतरी धरून,
अर्धा फेरा पुढे, थोडा मागे.
कुंदा म्हणाली, जप करतायत.
जप कसला, लेथचं हँडल आहे ते.
चौतीस वर्षं. शाफ्ट सूतभर जाड राहिला
तर परत मशीनवर चढवायचे, कोणी बघत नसलं तरी.
एकदा आईच्या भाकरीला कॅलिपर लावला होता, गमतीत.
ती गंमत तिने मरेपर्यंत सांगितली,
हसून नाही.

आता त्यांनाच कुणी चढवलंय मशीनवर,
कटामागून कट घेतंय,
आणि ड्रॉइंग कोणाकडेच नाही.

शारजाहून भूषण म्हणतो, नाकातून नळी घालू या.
त्याला फोनवर बाबांचं कपाळ दिसतं, आणि पंखा.
मी म्हणते, ओढून काढतील ते. हात बांधावे लागतील.
बराच वेळ पलीकडून काही नाही.
मग, "उजवापण?"
उजवापण.
"राहू दे मग," म्हणाला,
आणि कॅमेरा बंद केला, फोन नाही.

एक सांगायचं राहिलं.
रविवारी रात्री तासभर वाटी घेऊन बसल्यावर
मी ओरडले त्यांच्यावर,
"संपवा ना आता!"
कुंदाला वाटलं, पेजेबद्दल.
मी वाटू दिलं.

आज पेज गाळून घेतली, मीठ जरा जास्त,
त्यांना आवडतं तसं. आवडायचं तसं.
चमचा ओठाला लागला की तोंड उघडतं,
मग घास गालातच.
नर्सने दाखवलंय तशी
दोन बोटं गळ्यावरून खाली फिरवते.
काही नाही.
खाली कुणी स्कूटरला किका मारतंय, ती धरत नाही.
चादरीवरचा हात थांबतो,
डोळ्यांची पापणीही थांबते,
जणू माप बघतायत.
मग कंठ हलतो.

कुंदा वही उघडून विचारते, किती गेलं?
तीन चमचे, लिही.
नाही, थांब.
अडीच.